मामाच्या बीबीसी मायक्रोवर वर्डवाइज: सुरुवात कुठून करू?

पानगळ

नमस्कार मंडळी,

मामा गेला त्याला वर्ष होत आलं. त्याच्या खोलीतलं सामान वाटताना कुणालाच नको असलेला एक खोका मी उचलून आणला. आत बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक. जोडीला एक सुटा फ्लॉपी ड्राइव्ह आणि सव्वापाच इंची चौदा फ्लॉप्या. फंक्शन कळांच्या वरच्या पारदर्शक पट्टीखाली मामानं कागदाचा एक तुकडा सरकवून ठेवलाय. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात, मराठीत, प्रत्येक कळीचं नाव लिहिलंय. एफ१ वर 'हिरवा', एफ२ वर 'पांढरा', एफ३ वर 'खूण', एफ७ वर 'पुसा', एफ८ वर 'हलवा', एफ९ वर 'नक्कल'. तो कागद पाहिला आणि हे यंत्र चालवायचंच असं ठरवलं.

एका जुन्या मॉनिटरला जोडून चालू केलं. आधी लांब, मग आखूड असा आवाज झाला आणि 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के' अशी ओळ आली. खाली बेसिक आणि एक बाण. *हेल्प असं टाइप केल्यावर आलेल्या यादीत वर्डवाइज हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर दिसलं, म्हणून *वर्डवाइज असं टाइप केलं. आठ पर्यायांचा मेनू आला. एस्केप दाबल्यावर लिहिण्याचा पडदा उघडला. आठ-दहा ओळी लिहिल्या, सगळी मोठी अक्षरं उमटली. मग वरच्या कोपऱ्यातल्या ब्रेकवर बोट पडलं, यंत्रानं हो-नाही असं काहीतरी विचारलं, मी एन दाबलं आणि लिहिलेलं सगळं गेलं.

मामाच्या काळात हेच लोकांचं रोजचं लिहिण्याचं साधन होतं, तेव्हा ते शिकण्याची काही रीत असणार. ती मला हवी आहे. 'हिरवा' म्हणजे काय तेही सांगा. माझ्या पडद्यावर तर सगळं काळं-पांढरंच दिसतं. आणि खरं कारण असं की फ्लॉप्यांवर मामाचं लिखाण आहे, ते मला वाचायचंय.

डाखकाम

सगळ्यात आधी यंत्र बंद करा आणि प्लग काढून ठेवा. दुरुस्ती झाल्याशिवाय परत लावू नका.

या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात मेन्स फिल्टरचे कपॅसिटर असतात. पारदर्शक पिवळसर आवरणाचे, कागद भरलेले. चाळीस वर्षांत त्या आवरणाला तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि एक दिवस ते दाट, उग्र वासाचा धूर सोडून फुटतात. बहुधा यंत्राला इजा होत नाही, पण खोलीभर धूर होतो आणि माणूस घाबरतो. माझ्यासमोर दोन फुटलेत. कपॅसिटर स्वस्त असतात, अर्ध्या तासाचं काम आहे, मात्र मेन्सच्या भागात हात घालायचाय, तेव्हा ते जाणकाराकडून करून घ्या.

दुसरं, चौदाही फ्लॉप्यांच्या कडेला एक चौकोनी खाच असेल, तिच्यावर चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंचीत खाच झाकली की फ्लॉपीवर लिहिता येत नाही. साडेतीन इंचीत याच्या उलट, तिथं भोक उघडं असलं की लिहिणं बंद. माणसं इथंच गोंधळतात. पट्टी अपारदर्शक हवी, कारण बऱ्याच ड्राइव्हमध्ये ती खाच प्रकाशानं तपासतात.

कळफलक

पानगळ, मामाचा तो कागद जपून ठेव. बहुतेकांनी वर्डवाइजबरोबर आलेली छापील पट्टी वापरली. ज्यानं स्वतः लिहून काढली, तो त्या कळा रोज वापरत होता.

मी १९८६ ते १९९१ अशी पाच वर्षं याच यंत्रावर, याच वर्डवाइजवर काम केलं. एका संस्थेचं त्रैमासिक टाइप करायचे. त्याआधी टाइपरायटरवर बसायचे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मला नेमकं काय अडलं ते अजून आठवतं. ते सांगते, तुलाही तिथंच अडेल.

टाइपरायटरवर कागद समोर असतो. समास किती, ओळ कुठे संपली, पान कुठे भरलं, सगळं डोळ्यांना दिसतं. वर्डवाइजमध्ये तू जे पाहतेस तो कागद नाही. तो ४० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच असा एक फळा आहे. त्यावर शब्द ओळीच्या शेवटी आपोआप खाली सरकतो, पण त्या ओळींचा छापील ओळींशी काही संबंध नाही. मी पहिले तीन दिवस प्रत्येक ओळीच्या शेवटी रिटर्न दाबत होते, हाताला सवयच ती. छापल्यावर कागदावर तुटक तुटक ओळी आल्या. रिटर्न फक्त परिच्छेद संपल्यावर. हे एकदा बोटांत उतरलं की अर्धं काम झालं.

४० अक्षरंच का, असं तुला वाटेल, कारण हेच यंत्र ८० अक्षरांची ओळही दाखवू शकतं. कारण आहे मेमरी. तुझ्या यंत्रात सगळी मिळून ३२ के, म्हणजे ३२ किलोबाइट. त्यातूनच पडद्यालाही जागा द्यायची. ८० अक्षरांचा मोड ३ घेतला तर १६ के पडद्यातच जातात. मोड ७, म्हणजे टेलिटेक्स्टचा (टीव्हीवरच्या अक्षरी पानांसारखा) पडदा, फक्त १ के घेतो. डिस्कचा कारभार आपला वाटा घेतो तो वेगळा. तो वजा जाता मोड ७ मध्ये २५ हजारांच्या आसपास बाइट उरतात आणि ते जवळजवळ सगळे तुझ्या मजकुराला मिळतात. ज्यांनी हे केलं त्यांनी पडद्याची ऐट सोडून लेखकाला जागा दिली. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पडद्याच्या वरच्या ओळीत किती शब्द झाले आणि किती अक्षरांची जागा उरली ते सतत दिसतं. त्या आकड्याकडे अधूनमधून बघत जा.

आता तुझा 'हिरवा'. पानाचा आकार सांगणाऱ्या आज्ञा मजकुराच्या मधेच लिहायच्या असतात. एफ१ दाबलं की तिथून पुढची अक्षरं हिरवी होतात आणि हिरवं जे असेल ती आज्ञा, छापायचा मजकूर नव्हे. एफ२ दाबलं की पुन्हा पांढरं, म्हणजे पुन्हा मजकूर. रिटर्ननंही हिरवं संपतं. एलएल६० म्हणजे छापील ओळ ६० अक्षरांची. एलएम१० म्हणजे डावीकडे १० अक्षरांचा समास. सीई म्हणजे पुढची ओळ मध्यभागी. टीआय५ म्हणजे एवढी एकच ओळ ५ घरं आत. बीपी म्हणजे इथून नवं पान. एवढ्या पाच आज्ञांवर मी पहिलं वर्ष काढलं. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

तुझा पडदा काळा-पांढरा आहे कारण तू बहुतेक गोल व्हिडिओ सॉकेटमधून जोडलंयस. मॉडेल बीवर त्या सॉकेटमधून सहसा रंग येत नाही. आरजीबीच्या सॉकेटमधून घेतलंस तर खरा हिरवा दिसेल. तोवर, करड्या पडद्यावर हिरवी अक्षरं पांढऱ्यापेक्षा किंचित मंद दिसतात, डोळा सरावतो. माझा मॉनिटर तर हिरव्या फॉस्फरचा होता, त्यावर सगळंच हिरवं. म्हणून मी आज्ञा नेहमी वेगळ्या ओळीवर, एकट्या लिहायची सवय लावून घेतली. तूही लाव.

मोठ्या अक्षरांचं कारण साधं आहे. यंत्र चालू होतं तेव्हा कॅप्स लॉकचा दिवा लागलेलाच असतो. एकदा दाबून विझव. शेजारच्या शिफ्ट लॉकचा दिवा वेगळा, तो चिन्हंसुद्धा बदलतो, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

ब्रेकनंतर यंत्रानं तुला विचारलं होतं की जुना मजकूर हवा का. तिथं वाय म्हणायचं होतं. ब्रेकनं मेमरी पुसली जात नाही, मजकूर तिथंच असतो. यंत्र बंद केलं तर मात्र गेला.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. तू आठ-दहा ओळी लिहिल्यास आणि त्या गेल्या, बरं झालं की त्या आठ-दहाच होत्या. कुठल्याही नव्या यंत्रावर काहीही मोलाचं लिहिण्यापूर्वी मी एक पूर्ण फेरी मारते. दहा ओळी लिहायच्या. एस्केप दाबून मेनूवर यायचं. पर्याय १ घेऊन सगळा मजकूर एका कोऱ्या फ्लॉपीवर ठेवायचा. मग यंत्र बंद करायचं. खरोखर बंद, मागचं बटण दाबून. पुन्हा चालू करायचं, पर्याय २ घेऊन तोच मजकूर परत आणायचा. पर्याय ७ घेऊन छापल्यावर कसा दिसेल ते पाहायचं. प्रिंटर असेल तर पर्याय ६. ही फेरी आपल्या हातानं, कुणाला न विचारता दोनदा पूर्ण झाली, की मग यंत्रावर विश्वास टाकायचा. पहिल्याच दिवशी मोठा लेख लिहायला घेणारे आणि संध्याकाळी रिकाम्या पडद्यासमोर बसलेले लोक मी पाहिलेत.

पर्याय ७ बद्दल थोडं. तिथं वर्डवाइज मजकूर ८० अक्षरांच्या पडद्यावर पानासारखा मांडून दाखवतं, पण त्यासाठी १६ के पडद्याला द्यावे लागतात. हिशोब केलास तर मजकूर साधारण १० हजार अक्षरांच्या आत असेल तरच ते जमतं. म्हणून मी लेखाचे तुकडे करून ठेवायचे, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल. मजकूर भर्रकन वर जायला लागला तर कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबून धर, थांबतो.

कर्सरच्या कळा शिफ्टबरोबर दाबल्या तर शब्दाशब्दानं उडी मारतात. कंट्रोलबरोबर वर-खाली दाबल्या तर मजकुराच्या सुरुवातीला नाहीतर शेवटाला नेतात. परिच्छेद हलवायचा तर त्याच्या सुरुवातीला एफ३, शेवटी एफ३, मग कर्सर नव्या जागी नेऊन एफ८. मामाच्या कागदावर हेच तर लिहिलंय. पहिल्यांदा एफ८ दाबून एक अख्खा परिच्छेद जागेवरून उठून दुसरीकडे बसला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. कात्री आणि डिंक वापरून लेख जुळवलेत ज्यांनी, त्यांना कळेल.

समास

ताईंचं म्हणणं मान्य, तरी एक वेगळं मत नोंदवतो. मी त्याच यंत्रावर लिहायला व्ह्यू हा दुसरा प्रोग्रॅम वापरायचो, एकॉर्नसॉफ्टचा. त्यात रूलरची ओळ मजकुरातच असते आणि समास, ओळीची लांबी लिहितानाच पडद्यावर दिसते. मोड ३ मध्ये ८० अक्षरांची ओळ डोळ्यासमोर ठेवून लिहिता येते. तक्ते, पत्ते, बिलं असलं काम असेल तर हिरव्या आज्ञांवर भागत नाही, आकार लिहितानाच दिसायला हवा. मेमरी कमी उरते हे खरं.

पानगळ, तुमच्या *हेल्पच्या यादीत व्ह्यूसुद्धा आहे का बघा. असेल तर *डब्ल्यू. अशी तोकडी आज्ञा देऊ नका. व्ह्यू *वर्ड या आज्ञेनं सुरू होतो, म्हणून तोकडी आज्ञा दोघांनाही लागू पडते आणि ज्याची रॉम चिप (प्रोग्रॅम कायमचा साठवलेली चिप) वरच्या क्रमांकाच्या सॉकेटात असेल तो आधी उठतो. सगळ्यात उजवीकडचं सॉकेट सगळ्यात वरचं.

कळफलक

समास, तक्त्यांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. आमच्या त्रैमासिकाची वर्गणीदारांची यादी मी वर्डवाइजमध्ये कधीच नीट करू शकले नाही. पण सलग लिखाणाला मला पानाचा आकार समोर नको असतो. लिहिताना समास दिसला की मी समासच दुरुस्त करत बसते, वाक्य राहून जातं.

पानगळ

ताई, डाखकाम, समास, सगळ्यांचे आभार. वीजपुरवठ्याचा डबा एका जाणकार काकांकडून दुरुस्त करून घेतला. त्यांनी काढलेले कपॅसिटर मला दाखवले, दोन्हींवर केसाएवढे तडे होते. तीन आठवडे यंत्र बंद होतं, तोवर ब्राउझरमध्ये याच यंत्राची नक्कल करणारं जेएसबीब घेऊन *कॅट, *इन्फो अशा आज्ञांचा सराव केला.

ताई, तुमची फेरी काल तीनदा पूर्ण झाली. चौदांपैकी एक फ्लॉपी पाकिटातली, न वापरलेली होती, मामानं ती फॉरमॅट करून ठेवली होती. तिच्यावर दहा ओळी ठेवल्या, यंत्र बंद केलं, परत आणल्या. एलएल६० लिहून पर्याय ७ घेतला आणि माझ्या तुटक ओळी रुंद होऊन मांडलेल्या दिसल्या. तेव्हा 'फळा' म्हणजे काय ते कळलं.

पण मामाच्या फ्लॉप्या उघडत नाहीत. *कॅट दिलं की यादी दिसते. एका फ्लॉपीवर आई१ ते आई९, शिवाय बाग आणि हिशोब. नावं वाचून घसा दाटून आला. पर्याय २ घेऊन आई१ मागितलं की 'डिस्क फॉल्ट १८'. आई२, तेच. दुसरी फ्लॉपी, तेच. सगळ्या खराब झाल्या असतील का? आणि यादीत तारखा का नाहीत?

डाखकाम

थांबा, खराब झाल्या असं इतक्यात म्हणू नका. यादी दिसते आणि फाइल येत नाही, तेही प्रत्येक फ्लॉपीवर, हे लक्षण फार ओळखीचं आहे.

फ्लॉपीवर माहिती वर्तुळाकार ट्रॅकवर असते. काही ड्राइव्ह ४० ट्रॅकचे, काही ८० चे. ८० वाले त्याच रुंदीत दुप्पट ट्रॅक बसवतात, म्हणजे त्यांचं डोकं एका वेळी निम्मंच अंतर सरकतं. फाइलींची यादी ट्रॅक ० वर असते आणि ट्रॅक ० दोघांचाही एकाच जागी. त्यामुळे यादी वाचता येते. पुढच्या ट्रॅकवर जायची वेळ आली की ८० वाल्याचं डोकं ४० वाल्या फ्लॉपीवर दोन ट्रॅकच्या मधेच पोचतं. तिथं हवा तो सेक्टर, म्हणजे ट्रॅकचा तुकडा, सापडत नाही. १८ चा अर्थ तेवढाच, सेक्टर सापडला नाही. म्हणजे बहुधा मामांच्या फ्लॉप्या ४० ट्रॅकच्या आहेत आणि तुमचा ड्राइव्ह ८० वर चाललाय. ती पाकिटातली तेवढी ८० ची असावी.

ड्राइव्हच्या मागे किंवा पुढे एक लहान सरकबटण शोधा, ४० आणि ८० असं लिहिलेलं. बऱ्याच सुट्या ड्राइव्हवर असतं. ४० कडे सरकवा आणि पुन्हा *कॅटपासून सुरुवात करा. त्या फ्लॉप्यांवर मात्र या ड्राइव्हनं काही लिहू नका. ८० चं डोकं अरुंद असतं, ते जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध अरुंद पट्टा लिहितं, आणि मग खरा ४० चा ड्राइव्ह गोंधळतो.

कळफलक

तारखा नाहीत कारण या यंत्रात घड्याळ चालू राहत नाही आणि त्याची डिस्क-व्यवस्था तारीख नोंदवतच नाही. एका फ्लॉपीवर जास्तीत जास्त ३१ फाइली, नाव ७ अक्षरांचं, एवढाच कारभार. पण यादीच्या वर फ्लॉपीच्या नावापुढे कंसात एक आकडा असेल बघ. यादीत फेरफार झाला की तो एकानं वाढतो. मामानं त्या फ्लॉपीवर किती वेळा काही ठेवलं त्याचा तो माग आहे, फक्त ९९ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आणि *इन्फो दिलंस तर प्रत्येक फाइल कुठल्या सेक्टरपासून सुरू होते ते दिसेल. आधीच्या फाइली पुसल्या गेल्या नसतील तर नंतर लिहिलेली पुढच्या सेक्टरात असते. यावरून क्रम लावता येईल.

आता एक काकुळतीची विनंती. फाइली उघडल्या की लगेच नकला करायचा मोह होईल. मेनूवरून तारांकित आज्ञा देता येतात, ही वर्डवाइजची मोठी सोय, आणि तिथंच धोका आहे. *कॉपी, *बॅकअप आणि *कॉम्पॅक्ट या आज्ञा आपल्या कामासाठी तुझ्या मजकुराचीच मेमरी वापरतात. १९८७ मध्ये मी एका अनुवादाची अकरा पानं सकाळपासून टाइप केली होती. ठेवायला गेले तर फ्लॉपीवर सलग जागा नाही. ही व्यवस्था फाइल सलगच ठेवते, मधे मधे मोकळी भोकं असून चालत नाही. भोकं एकत्र करायला *कॉम्पॅक्ट द्यायचं हे मला माहीत होतं, ते दिलं. फ्लॉपीवर जागा झाली. एस्केप दाबून परत आले तर माझी अकरा पानं नव्हती. त्या दिवशी मी दिवे लागेपर्यंत तशीच बसून होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाइप केली.

म्हणून जवळ नेहमी एक कोरी फ्लॉपी ठेव. जागा नाही म्हटलं की फ्लॉपी बदल, पर्याय १ पुन्हा घे, बाकी सगळं नंतर. आणि एकाच नावावर पुन्हा पुन्हा ठेवू नकोस, जुनी फाइल न विचारता पुसली जाते. मामानं आई१, आई२ असे आकडे लावले ते त्यासाठीच असतील किंवा ती खरोखर वेगवेगळी पत्रं असतील. तुलाच कळेल.

पानगळ

बटण ड्राइव्हच्या पोटाखाली होतं. ४० वर सरकवलं. आई१ पहिल्याच वेळी आलं.

रोमन अक्षरांत मराठी आहे. 'प्रिय आईस' अशी सुरुवात. वेगवेगळी नऊ पत्रं आहेत, आणि एकातही हिरवी आज्ञा नाही. समास नाही, ओळीची लांबी नाही, काही नाही. पण आजीला रोमन अक्षरं वाचता येत नव्हती. मग ही पत्रं तिला कशी पोचली?

या यंत्रावर देवनागरी उमटवता येत होतं का?

कळफलक

वर्डवाइजमध्ये नाही. मोड ७ ची अक्षरं एसएए५०५० नावाच्या चिपमध्ये कोरलेली असतात, ती बदलता येत नाहीत. बाकीच्या मोडमध्ये ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत आपली अक्षरं घडवता येतात. चौकटी एकमेकींना चिकटून असल्यानं शिरोरेषा सलग येते, मी हौसेनं करून पाहिलं होतं. पण काना-वेलांट्या, जोडाक्षरं त्या चौकटीत मावत नाहीत, पत्र लिहिण्याजोगं काही होत नाही.

हिरवी आज्ञा एकही नाही म्हणजे मामाला ती छापायचीच नव्हती. पडद्यावर मनासारखं जुळवून घ्यायचं आणि मग हातानं उतरवायचं, असं करणारे माझ्या ओळखीत होते. घरात आजीला आलेली जुनी पत्रं कुणाकडे असतील का?

पानगळ

ताई, आईच्या ट्रंकेत होती. निळ्या शाईत, मामाच्या अक्षरात, देवनागरीत. काल आई आणि मी दोघी यंत्रासमोर बसलो. मी पडद्यावरून वाचत होते आणि ती हातातल्या कागदावर बोट फिरवत होती. शब्दाला शब्द जुळत होता. सहा पत्रं पूर्ण जुळली. दोन सापडली नाहीत.

आई४ मध्ये फरक आहे. पडद्यावर शेवटी दोन ओळी जास्त आहेत. त्यात मामानं लिहिलंय की नोकरी सुटली आहे, पण काळजी करू नकोस. कागदावर त्या ओळी नाहीत, तिथं थेट 'तुझा' आणि सही.

नऊही फाइली उघडून, एकेक करून, पर्याय १ नं नव्या फ्लॉपीवर ठेवल्या. दर वेळी बटण ४० वरून ८० वर नेलं. *कॉपी वापरलं नाही.

डाखकाम

छान केलंत. आता ती नवी फ्लॉपी आणि मामांच्या तेराही, सगळ्यांच्या प्रतिमा, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल असलेल्या फाइली, काढून संगणकावर ठेवा. ग्रीसवीझल नावाचा एक बोर्ड फ्लॉपी ड्राइव्ह आणि संगणकाच्या यूएसबीच्या मधे जोडून फ्लॉपी थेट वाचता येते, त्याला बीबीसी मायक्रोसुद्धा लागत नाही. वर्डवाइजची फाइल म्हणजे साधा मजकूरच, मधे थोड्या खुणा. फक्त रिटर्नसाठी एकच बाइट असतो, १३, त्यामुळे काही संपादकांत सगळा मजकूर एकाच ओळीत दिसेल. घाबरू नका, तो बदलून घेता येतो. बोर्ड माझ्याकडे आहे, तुम्हाला तो जोडायला अडचण आली तर इथंच विचारा.

पानगळ

नक्की. आज आईनं स्वतः कॅप्स लॉक विझवून चार ओळी टाइप केल्या. फाइलचं नाव तिनं आई१० ठेवलंय.